जुनी जपानी स्पोर्ट्स कार घ्यायचीय? आधी पत्रा आणि कागद, मग इंजिन

१९८९ साली निस्सान स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर३२, जपानच्या शोरूममध्ये आली तेव्हा तिची किंमत होती ४४ लाख ५० हजार येन. पुढे बरीच वर्षं ती इतर वापरलेल्या गाड्यांसारखीच उतरत गेली. पोरं ती स्वस्तात घ्यायची, ठोकायची, विकायची. आज धड अवस्थेतली आर३२ त्या मूळ किमतीत मिळाली तर नशीब समजायचं.

मी नोकरीमुळे नागोयाजवळ राहतो. सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्यांच्या यार्डात हिंडायची सवय लागली आणि त्या नादात स्वतःही एक गाडी घेऊन बसलो. तिची गोष्ट पुढे येईलच, कारण शिकवणी तिनेच घेतली. ओळखीतले लोक हल्ली एकच प्रश्न विचारतात: भाव चढतायत, घेऊन टाकू का? घ्या, पण पुढच्या क्रमाने घ्या. बहुतेक नवशिके क्रम उलटा धरतात. आधी हॉर्सपॉवर, मग रंग, मग आवाज, आणि कागद सगळ्यात शेवटी.

पायरी १: भाव का चढले ते समजून घ्या

हे कळलं नाही तर कुठली गाडी महाग होणार आणि कुठली उगाच महाग सांगितली जातेय, यातला फरक कळत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जपानात पैशाला पूर आला होता. २९ डिसेंबर १९८९ ला तिथल्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक शिखरावर होता. कंपन्यांकडे पैसा होता आणि इंजिनिअरांना हात आखडायला सांगणारं कुणी नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात माझ्दाची छोटी एमएक्स-५ आणि होंडाची एनएसएक्स, दोन्ही पहिल्यांदा लोकांसमोर आल्या. एनएसएक्सचा अख्खा सांगाडा अॅल्युमिनियमचा. फायदा-तोट्याचा हिशेब करणाऱ्या माणसाने अशी गाडी कधीच मंजूर केली नसती. त्या दिवसांत ती मंजूर झाली.

वर आणखी एक गंमत. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की कागदावर २८० पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) पुढे जायचं नाही. हा अलिखित करार २००४ पर्यंत चालला. म्हणून आर३२ चं आरबी२६ इंजिन घ्या किंवा टोयोटा सुप्राचं २जेझेड, कागदावर आकडा २८० च. आतला लोखंडी ब्लॉक मात्र त्याहून कितीतरी जास्त सोसेल असा. ट्यूनिंगवाल्यांची चंगळ झाली ती यामुळे.

मग आलं २००२. प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि स्कायलाइन जीटी-आर, सुप्रा, माझ्दाची आरएक्स-७, निस्सानची सिल्व्हिया या चौघींचं उत्पादन एकाच वर्षी थांबलं. नळ बंद झाला. आता जे आहे ते हंड्यातलंच. हंड्यालाही भोकं आहेत: ड्रिफ्टिंगने, म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम घसरवण्याच्या खेळाने, सिल्व्हियांची एक पिढीच्या पिढी भिंतींवर आपटवली, काही गंजल्या, काही सुट्या भागांसाठी कापल्या गेल्या.

मागणीच्या बाजूला ती पोरं आहेत जी १९९७ साली प्लेस्टेशनवर ग्रॅन टुरिस्मो हा शर्यतीचा गेम खेळत होती. आज ती चाळिशीत आहेत, गृहकर्जाचे हप्ते सरत आलेत, हातात पैसा आहे. त्यात अमेरिकेचा पंचवीस वर्षांचा नियम (त्यावर पुढची अख्खी पायरी आहे) आणि पडलेला येन. २०१२ साली एका डॉलरला ८० च्या आसपास येन मिळायचे, जुलै २०२४ मध्ये १६० च्या वर. म्हणजे येनमध्ये भाव दुप्पट झाला तरी डॉलरवाल्याला ती गाडी जुन्याच भावात पडत होती. जपानी पोराला मात्र ती दुप्पट महाग. आपल्याच देशात बनलेली गाडी आपल्यालाच परवडू नये, ही इथल्या तरुणांची तक्रार मी कित्येकदा ऐकलीय आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

पेपरात छापून येणारे आकडे मात्र बाजूला ठेवा. टोयोटा २०००जीटी २०१३ साली ११ लाख ५५ हजार डॉलरला गेली, दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली जपानी गाडी. तिच्यातलीच, अमेरिकेच्या कॅरल शेल्बीने रेसिंगला वापरलेली एक २०२२ मध्ये २५ लाख ३५ हजारांना गेली. 'फास्ट अँड फ्युरिअस'वाल्या पॉल वॉकरने पडद्यावर चालवलेली आर३४ (स्कायलाइनचीच नंतरची पिढी) २०२३ मध्ये १३ लाख ५७ हजारांना. २०००जीटी एकूण ३५१ बनल्या आणि वॉकरची आर३४ पडद्यावर दिसलेली म्हणून विकली गेली. या आकड्यांवरून घराशेजारच्या आर३४ चा भाव काढणं म्हणजे राजवाड्याच्या दरावरून चाळीतल्या खोलीचं भाडं ठरवणं.

पायरी २: कॅलेंडर घेऊन बसा

अमेरिकेत परदेशी गाडी तिथल्या सुरक्षा नियमांतून सुटते ती तयार झाल्यापासून २५ वर्षं पूर्ण झाल्यावर. मोजणी महिन्यावर चालते, मॉडेलच्या वर्षावर नाही. प्रदूषणाची सवलत वेगळी आहे, ती २१ वर्षांनी मिळते. कॅनडात १५ वर्षं पुरतात, म्हणून तिकडच्या लोकांकडे या गाड्या दहा वर्षं आधीच दिसायला लागतात.

आर३२ ला अमेरिकेचं दार २०१४ मध्ये उघडलं, आर३४ ला जानेवारी २०२४ मध्ये. पण भाव त्या तारखेची वाट बघत नाहीत. आर३४ जपानात विकत घेऊन गोदामात ठेवणारे लोक कित्येक वर्षं आधीपासून कामाला लागले होते. दार उघडलं तेव्हा भाव आधीच डोक्यावरून गेला होता. तेव्हा 'अमुक गाडी पुढच्या वर्षी पात्र होतेय, आत्ताच घ्या' असं कुणी सांगितलं तर ते पात्र होणं किमतीत आधीच धरलेलं आहे हे ओळखा.

पुढच्या तारखा हाताशी असू द्या. मित्सुबिशीची लॅन्सर इव्होल्यूशन ७ आणि होंडाची जपानी इंटेग्रा टाइप आर (डीसी५) या २००१ च्या, म्हणजे २०२६. २००२ मधल्या शेवटच्या आर३४, आरएक्स-७ ची निरोपाची स्पिरिट आर आणि एनएसएक्स-आर, या २०२७.

नवशिके इथे एक चूक हमखास करतात. जपानी नोंदणीपत्रावर दिसते ती पहिल्या नोंदणीची तारीख. गाडी बनली त्याचा महिना वेगळा असू शकतो. शोरूममध्ये सहा महिने पडून राहिलेली गाडी कागदावर सहा महिने तरुण दिसते. सीटबेल्टच्या पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवरून अंदाज येतो, पक्का महिना मात्र चासिस नंबरवरून काढून घ्यायचा. आणि गाडी कॅलिफोर्नियात न्यायची असेल तर थांबा. तिथे १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना राज्याची स्वतःची प्रदूषण चाचणी आहे आणि ती पार करणं खर्चाचं काम आहे. देशात आली म्हणजे राज्यात आली असं नसतं.

पायरी ३: गाडीचं नाव सोडा, चासिस नंबर वाचा

जपानातल्या गाड्यांना सतरा अक्षरी नंबर नसतो. आधी मॉडेलचा कोड, मग आडवी रेघ, मग आकडे. खरी आर३२ जीटी-आर बीएनआर३२ ने सुरू होते. एचसीआर३२ म्हणजे साधी जीटीएस-टी, मागच्या चाकांवर चालणारी, दोन लिटरची. आर३४ मध्ये बीएनआर३४ म्हणजे जीटी-आर, ईआर३४ म्हणजे जीटी-टीसारखी साधी. सिव्हिक टाइप आर असेल तर ईके९. तिच्या जागी ईके४ ला लाल बॅज चिकटवून विकणारे भरपूर आहेत. जीटी-टी ही वाईट गाडी नाही, माझ्या मते उलट रोज चालवायला तीच बरी. फक्त तिला जीटी-आरचा भाव देऊ नका.

सुप्रात गोष्ट आणखी अवघड. टर्बो असलेली आरझेड आणि टर्बो नसलेली एसझेड, दोघींचा कोड जेझेडए८० च. एसझेडमध्ये नंतर टर्बो इंजिन बसवलं तर नुसत्या कोडवरून पकडता येत नाही. तिथे इंजिनच्या डब्यातली पाटी बघायची. पाटीवर मूळ रंगाचा कोडही असतो. आर३४ च्या पाटीवर टीव्ही२ लिहिलंय आणि समोर गाडी पांढरी उभी आहे, तर ती मूळची बेसाइड ब्लू. रंग बदलल्याने गाडी खराब होत नाही, पण भाव खाली येतो आणि 'का बदलला?' हा प्रश्न उभा राहतो. उत्तर बहुतेक वेळा अपघात असतं.

आता चुंबकाची युक्ती. आर३२ जीटी-आरचं बॉनेट आणि पुढचे दोन्ही फेंडर अॅल्युमिनियमचे आहेत. फ्रिजला लावायचं साधं चुंबक खिशात ठेवा, कापडात गुंडाळून बॉनेटला लावा. चिकटलं तर एक तर ते बॉनेट दुसऱ्या गाडीचं आहे किंवा गाडीच दुसरी आहे. मागच्या फेंडरवर उलटा प्रकार: तिथे पत्रा लोखंडी आहे, चिकटलंच पाहिजे. घसरलं तर खाली पुट्टी.

पायरी ४: लिलावाचा कागद स्वतः वाचा

जपानातल्या वापरलेल्या गाड्यांचा मोठा भाग डीलरांच्या लिलावातून फिरतो. यूएसएस हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. नागोयातलं त्यांचं केंद्र म्हणजे गाड्यांचं मार्केट यार्डच. सामान्य माणसाला आत बोली लावता येत नाही, सभासद एजंट लागतो. एक गाडी पडद्यावर येते आणि काही सेकंदांत विकली जाते. विचार करायला वेळ मिळतो तो आधी, या कागदावर.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दर्जाचा आकडा. पाच आणि त्यावर म्हणजे जवळजवळ नवी, या वयाच्या गाडीला तो मिळत नाही. चार किंवा साडेचार म्हणजे उत्तम. साडेतीन म्हणजे वय दिसतंय पण चालेल. आर किंवा आरए म्हणजे सांगाड्याला मार बसून दुरुस्ती झालेली. एक हा आकडा फसवा आहे: तो बऱ्याचदा भंगार गाडीला नाही तर भरपूर फेरफार केलेल्या गाडीला मिळतो, इंजिन बदललेलं किंवा ऑटोमॅटिकची मॅन्युअल केलेली. आतल्या बाजूला वेगळा दर्जा, ए पासून खाली.

मध्ये गाडीचा उलगडलेला नकाशा असतो आणि त्यावर अक्षरं. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे खळगा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज, एक्सएक्स म्हणजे तो भाग बदललाय. पुढचा आकडा जितका मोठा तितका दोष मोठा. मी आधी मागच्या फेंडरवर बघतो. तिथला डब्ल्यू मला पुढच्या बंपरवरच्या चार ए पेक्षा जास्त खुपतो, कारण मागचा फेंडर नटबोल्टने सुटत नाही, तो सांगाड्याला जोडलेला असतो.

इथे एक जपानी शब्द पाठच करा: शूफुकुरेकी, दुरुस्तीचा इतिहास. कागदावर शूफुकुरेकी नाही असं असलं म्हणजे अपघात झालाच नाही असं समजू नका. जपानी व्याख्येत फक्त सांगाड्याचे भाग धरतात. दरवाजा, बॉनेट, पुढचा फेंडर बदलला तर तो इतिहासात येत नाही. दुसरा शब्द सोको फुमेई, किती चालली ते माहीत नाही. मीटरला शंका असली की हा शिक्का बसतो. २००४ पासून जपानच्या शाकेन तपासणीच्या कागदावर मीटरचा आकडा लिहितात, तेव्हा मालकाने जुने शाकेनचे कागद जपून ठेवले असतील तर ते मागाच.

आणि सगळ्यात खाली, तपासनिसाने हाताने खरडलेल्या दोन-तीन ओळी. एजंटच्या भाषांतरात नेमक्या याच ओळी आखूड होतात.

माझी गाडी ही १९९० ची युनोस रोडस्टर, म्हणजे एमएक्स-५ चा जपानी अवतार, १.६ लिटर, १२० पीएस, लावले की वर उघडणारे पुढचे दिवे. दर्जा साडेतीन, नकाशावर फारसं काही नाही. खाली खरडलेलं होतं 'शितामावारी साबी', मला तेव्हा ते वाचता येत नव्हतं. एजंट म्हणाला, 'खाली थोडं गंजलंय, जुनी गाडी म्हटल्यावर असायचंच.' मला ते पटलं, कारण मला गाडी हवी होती. पुढच्या शाकेनला मेकॅनिकने गाडी वर उचलली, टॉर्च लावला, मागच्या चाकाच्या पुढ्यात, दाराखालच्या उंबरठ्याच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबला म्हणावं तर तेवढंही नाही. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा ओल्या चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी भुकटी पडली. वरून रंग लखलखीत होता.

पायरी ५: पत्रा कुठे बघायचा

त्या दिवसापासून माझा नियम: इंजिन विकत मिळतं, पत्रा मिळत नाही. इंजिन उघडून नवं करणारे गॅरेज कितीतरी आहेत. पण सांगाड्याचा गंज काढायचा म्हणजे कापायचं, नवा पत्रा वळवून जोडायचा, पुन्हा रंगवायचं, आणि तरी आतून काय राहिलं ते कळत नाही.

रोडस्टरला तो गंज येतो कसा ते ऐका. मऊ छताच्या मागे पावसाचं पाणी निघायला दोन्ही बाजूंना नळ्या आहेत. त्यात पानं, माती साचली की पाणी तुंबतं आणि उंबरठ्याच्या पोकळीत उतरतं. तिथे ते वर्षानुवर्षं बसून आतून खात राहतं. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं संपलेलं असतं.

आर३२ आणि आर३४ मध्ये बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनचे मनोरे बघा. रंगाखाली फुगे किंवा जोडावर तपकिरी रेघ असेल तर भाव लगेच खाली बोला, किंवा निघून या. एई८६ ला, म्हणजे १९८३ ते ८७ च्या त्या छोट्या टोयोटाला, उंबरठे आणि मागच्या चाकांच्या कमानी. एनएसएक्स अॅल्युमिनियमची असल्याने हा त्रास नाही, पण तिचा पत्रा ठोकला गेला तर सरळ करणारे हात फार थोडे. गाडी मुळात कुठे राहिली तेही विचारा. जपानच्या उत्तरेकडे रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. होक्काइदोत वीस हिवाळे काढलेली गाडी आणि दक्षिणेतली, यांच्या पोटाखाली जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पायरी ६: इंजिन, थंड असताना

विकणाऱ्याला आधी कळवा, 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर कुणीतरी काहीतरी लपवतंय.

आरबी२६ मध्ये सुरुवातीच्या आर३२ च्या क्रँकवर ऑइल पंप फिरवणारा भाग अरुंद होता. इंजिन वारंवार वरच्या फेऱ्यांना नेलं तर पंप फुटतो आणि मग तेलच थांबतं. तो भाग सुधारून घेतला असल्याची पावती असेल तर उत्तम. मूळ टर्बोंची आतली चाकं सिरॅमिकची आहेत. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवला की ती तुटतात. 'बूस्ट थोडा वाढवलाय' हे वाक्य कानावर पडलं की सावध.

आरएक्स-७ ची (एफडी३एस, १९९१ ते २००२) गोष्टच निराळी. तिचं रोटरी इंजिन साध्या कॉम्प्रेशन गेजने मोजता येत नाही. प्रत्येक रोटरला तीन बाजू, दोन रोटर मिळून सहा. रोटरीसाठीचं वेगळं यंत्र लावून सहाही आकडे छापून घ्यायचे. आकडे चांगले हवेत, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे एकसारखे हवेत. पाच सारखे आणि एक खाली असेल तर त्या बाजूचं सील जातंय. विक्रेता म्हणाला की 'असं मोजायची गरज नाही, आवाज ऐका ना किती छान', तर आवाज ऐका, चहा प्या आणि घरी जा. तिचे दोन टर्बो एकामागून एक चालतात, त्या अदलाबदलीसाठी व्हॅक्यूमच्या नळ्यांचं अक्षरशः जाळं आहे. तीस वर्षांच्या उष्णतेने ते रबर बिस्किटासारखं मोडतं.

एनएसएक्सच्या सुरुवातीच्या पाच गिअरच्या काही गाड्यांत गिअरबॉक्समधली एक स्नॅप रिंग तुटते. ते काम झालंय का विचारा. सुप्राचं २जेझेड दणकट, त्याच्याबद्दल जास्त काळजी करू नका. काळजी करा ती आधीच्या मालकाची.

या सगळ्यांत कमी चाललेली गाडी बघून हुरळून जाऊ नका. दहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीची सील सुकतात, टाकीत पेट्रोलचा चिकटा होतो, ब्रेक धरतात. टायमिंग बेल्ट किलोमीटरवर बदलतात तसा वर्षांवरही बदलावा लागतो. नियमित चालवलेली, नोंदी ठेवलेली, एक लाख किलोमीटर झालेली गाडी मी डोळे झाकून आधी निवडेन. जपानात देखभालीच्या नोंदींची छोटी वही असते, किरोकुबो म्हणतात. ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडली की मी गाडीकडे दुसऱ्यांदा बघतो.

पायरी ७: मूळ की फेरफार केलेली

चांगला भाव मूळ अवस्थेतल्या गाडीलाच. एकेकाळी या गाड्या घ्यायच्याच बदलण्यासाठी, त्यामुळे न बदललेल्या थोड्या उरल्या. त्याच काळातले नावाजलेले भाग, निस्मोचे (निस्सानची रेसिंग शाखा), मुगेनचे (होंडावाले), रेझची चाकं, भाव पाडत नाहीत, कधी वाढवतातही. मागून पत्रा कापून रुंद केलेली गाडी मात्र विषय संपला. विकत घेताना एकच विचारा: काढलेले मूळ भाग आहेत का? जुनी सीट, मूळ एक्झॉस्ट, मूळ स्टिअरिंग खोक्यात बांधून ठेवणारा मालक गाडीही बहुधा तशीच जपतो.

पायरी ८: खिसा

गाडीचा भाव म्हणजे खर्च नव्हे. एजंटची फी, लिलावाची फी, बंदरापर्यंतची वाहतूक, जहाज, आयातशुल्क, तिकडची नोंदणी. मग पहिल्या वर्षात सगळी रबरं, बेल्ट, टायर, ब्रेक. माझं मत असं की एकूण रकमेतला चौथा हिस्सा बाजूला ठेवल्याशिवाय बोलीच लावू नये. तेवढा बाजूला राहत नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या, त्यात कमीपणा नाही.

आणि खालच्या पायरीवर मौज आहे. १९९१ ची होंडा बीट, ६५६ सीसी, ६४ पीएस, इंजिन पाठीमागे. सुझुकी कॅपुचिनो, पुढे इंजिन आणि मागे जोर. टोयोटा एमआर२ ची दुसरी पिढी. आरएक्स-७ ची आधीची एफसी. 'हीच पुढची सुप्रा' असं यातल्या प्रत्येकीबद्दल कुणी ना कुणी म्हणतंच. त्या भरवशावर घेऊ नका. चालवायला आवडते म्हणून घ्या, भाव वाढला तर वरचं लोणी.

विमा घेताना आधीच ठरवलेल्या रकमेचा घ्या. नाहीतर चोरी झाल्यावर कंपनी तीस वर्षं जुन्या गाडीची किंमत लावते, आणि या गाड्या चोरीला जातात. त्यांच्यातल्या बहुतेकींत इमोबिलायझर नाही.

पायरी ९: कागद आणि जहाज

जपान सोडताना गाडीची नोंदणी रद्द होऊन निर्यातीचं प्रमाणपत्र मिळतं. मूळ प्रत मागा, सोबत भाषांतर. हे हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. त्यावरचा चासिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. जहाजाचे दोन मार्ग: गाडी चालवत जहाजात चढवायची किंवा कंटेनरमध्ये बंद करायची. पहिला स्वस्त, पण गाडी सुरू व्हायला हवी आणि आत सुटं सामान ठेवता येत नाही. खोकंभर मूळ भाग सोबत असतील तर कंटेनरच.

पायरी १०: आणल्यावर

सुटे भाग हा काही वर्षांपूर्वी रडगाण्याचा विषय होता. आता कंपन्यांनाच जाग आलीय. निस्मोने २०१७ च्या शेवटी आर३२ जीटी-आरचे बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले. टोयोटाने २०००जीटी, सुप्रा आणि एई८६ चे काही भाग परत आणले. माझ्दा रोडस्टर आणि आरएक्स-७ साठी बनवते. होंडाने तर एनएसएक्स कारखान्यात नेऊन नवी करून देण्याची सोय १९९३ पासूनच ठेवली होती. स्वस्त यातलं काही नाही, पण मिळतं. गाडी निवडतानाच तिच्या दहा भागांची यादी करून ते मिळतात का बघून ठेवा. काच, दिवे, दारांची रबरं, डॅशबोर्ड. इंजिनचे भाग मिळतातच, रडवतात ती ही रबरं.

माझ्या रोडस्टरचे दोन्ही उंबरठे कापून नवे बसवले. गाडी ज्या भावात घेतली त्याच्या निम्मे पैसे त्यात गेले, आणि दीड महिना गाडी गॅरेजात होती. आता जूनमध्ये इथे 'त्सुयु'चा पाऊस लागायच्या आधी मी छत मागे टाकतो, सीटमागचा गालिचा उचलतो आणि दोन्ही नळ्यांत पातळ प्लॅस्टिकची तार घालून खाली चाकापाशी पाणी पडेपर्यंत ढोसतो. यंदा डाव्या बाजूने बोटभर चिखल आणि सुईसारखी दोन सुकी पानं निघाली.